सावलीशी झुंज: 'शॅडो'ची कुळकथा

इ.स.पू. ६८८ मध्ये मुष्टियुद्ध ऑलिंपियाच्या स्पर्धांत दाखल झालं, तेव्हा त्यात ना राउंड होते, ना वजनगट. मुठींवर कातड्याच्या वाद्या आवळायच्या आणि दोघांतला एक जण बोट वर करून हार मानेपर्यंत किंवा आडवा होईपर्यंत लढायचं. अशा खेळाचा सराव रोज खऱ्या माराने कोण करणार? जोडीदार जायबंदी व्हायचा, नाहीतर आपण. म्हणून समोर कुणी नसताना कुणी आहे असं धरून लढण्याचा व्यायाम ग्रीक मल्लांच्या अंगवळणी पडला. ते त्याला 'स्कियामाखिया' म्हणत, म्हणजे सावलीशी झुंज. आज बॉक्सिंग शिकणारी पोरं ज्याला नुसतं 'शॅडो' म्हणतात, तो हाच व्यायाम.

त्याची सर्वांत देखणी आठवण ऑलिंपियातल्या एका पुतळ्याची आहे. युबिया बेटावरच्या कॅरिस्टसचा ग्लॉकस हा शेतात राबणारा मुलगा. नांगराचा निखळलेला फाळ त्याने हातोडा न घेता मुठीनेच ठोकून बसवला. बापाने ते पाहिलं आणि पोराला ऑलिंपियाला नेऊन उभं केलं. अनुभव नसल्यामुळे तिथे त्याला भरपूर मार पडला. हरणार असं दिसू लागलं तेव्हा बापाने ओरडून त्या फाळावरच्या ठोशाची आठवण दिली आणि पुढच्याच ठोशात लढत फिरली. नंतर नेमिया आणि इस्थमियाच्या स्पर्धांत त्याने आठ-आठ वेळा बाजी मारली. ही हकीकत इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या प्रवाशाने लिहून ठेवली आहे. ग्लॉकसच्या मुलाने बसवलेला आणि इजिनाच्या ग्लॉकियस या शिल्पकाराने घडवलेला पुतळा त्याने पाहिला होता. त्यात ग्लॉकस प्रतिस्पर्ध्याला लोळवताना नव्हता, सावलीशी लढताना होता. कारणही पॉसेनियसच देतो: हातांच्या सफाईत त्या काळी त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. गोष्ट सांगितली गेली ती ताकदीची, पण पुतळ्यासाठी निवडली गेली ती सफाई.

प्लेटोने मात्र या व्यायामाला शेवटची जागा दिली. 'लॉज' या उतारवयातल्या ग्रंथात, शांततेच्या काळातही नागरिकांनी युद्धाचा सराव करावा हे पटवताना तो मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो. सामना जवळ आला की असा माणूस वाद्यांऐवजी जाड आवरणं चढवून जोडीदाराशी सराव करील, जोडीदार मिळाला नाही तर निर्जीव बाहुलं टांगून त्यावर हात चालवील आणि तेही नसेल तर सावलीशी लढेल. मूर्ख लोक हसतील म्हणून तो थांबणार नाही, हेही प्लेटो बजावतो. म्हणजे हवेत हात मारणाऱ्याला हसणारे तेव्हाही होते.

गेलन या वैद्याने या व्यायामाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. दुसऱ्या शतकात पर्गममच्या ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधलेला हा माणूस. आरोग्य राखण्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने व्यायामांची प्रतवारी लावली आणि सावलीशी झुंज धावण्याच्या पंगतीला बसवली: फार जोर न लावता शरीराला वेग देणारा व्यायाम म्हणून. इथून तो मल्लांपुरता राहिला नाही. इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसन याने १७११ मध्ये लिहिलं आहे, की तरुणपणी तो एका लॅटिन ग्रंथावरून हा व्यायाम शिकला. दोन्ही हातांत टोकांना शिसं भरलेले आखूड दांडके घेऊन तो ते फिरवत असे. छाती मोकळी होते आणि मार न खाता मुष्टियुद्धाचा आनंद मिळतो, असा त्याचा अनुभव होता.

१८६७ साली मुष्टियुद्धाला क्वीन्सबेरी नावाने ओळखले जाणारे नियम आले. हातमोजे सक्तीचे झाले, तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिटाची विश्रांती ठरली. आज शॅडोही याच मापाने घड्याळ लावून करतात.

त्याचा गुण नेमका कशात आहे ते एका ठोशात दिसतं. उजव्या हाताचा क्रॉस मुठीतून निघत नाही. मागच्या पायाची टाच फिरते, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यांत शेवटी जाते. बॅगवर मारताना बॅगच हात अडवते, तोल गेला तर तिच्यावर रेलून सावरताही येतं. हवेत असा आधार नसतो. पाय चुकला की अंग पुढे झेपावतं, कोपर झटक्याने ताणलं की तिथेच कळ येते. हात आपला आपणच थांबवावा लागतो आणि गेला त्याच रेषेत हनुवटीपाशी परत आणावा लागतो. दुसरा हात तेवढ्यात खाली आला तर आरसा ते लगेच दाखवतो. शिवाय सामन्यात कितीतरी ठोसे हुकतात, आणि हुकलेल्या ठोशानंतर तोल सावरण्यातच दम जातो. शॅडोमध्ये प्रत्येक ठोसा हुकलेलाच असतो, त्यामुळे ही सावरण्याची मेहनत आपोआप होते. तीही डोक्याला एकही फटका न बसता.

प्रतिस्पर्ध्याचं अंतर जोखणं आणि मार बसत असताना डोकं शांत ठेवणं शॅडो शिकवत नाही. त्याला समोर माणूसच लागतो. पण त्या माणसासमोर उभं राहण्याआधी पाय, कंबर आणि श्वास एका सुरात यावे लागतात, आणि ते काम याच व्यायामात होतं. म्हणून प्लेटोच्या यादीत शेवटी असलेला हा सराव आज तालमीत पहिला धडा झाला आहे, आणि ते योग्यच झालं.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला बॉक्सिंगची ओढ असेल तर ग्लोव्हजची घाई करू नका. चांगला कोच बघा, घरी मोठा आरसा असेल तर त्याच्यासमोर रोज तीन राउंड नेमाने होऊ द्या. ठोसा मारल्यावर हात न सांगता हनुवटीपाशी परत येऊ लागले, की मग खुशाल ग्लोव्हज घेऊन द्या.