बिनतारी भाषा आणि अस्सलपणाचा प्रश्न : अमेरिकन पोलीस-कादंबरीच्या निमित्ताने

पोलीस-कादंबरी लिहू पाहणाऱ्या लेखकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. नियंत्रण कक्ष आणि रस्त्यावरील गस्तीची गाडी यांच्यामध्ये बिनतारी यंत्रावरून चालणारी भाषा अस्सल कशी उतरवावी? हा प्रश्न बहुधा तपशिलाचा मानला जातो. संकेतांची यादी मिळवावी, चार आकडे संवादात पेरावेत, की वास्तवाचा आभास सिद्ध झाला, अशी समजूत असते. प्रस्तुत निबंधात मुख्यतः लॉस एंजेलिसमधील उदाहरणांच्या आधारे असे सुचवावयाचे आहे की हा प्रश्न मुळात अधिकाराचा आहे. ही भाषा लेखकाच्या कानी कोणत्या वाटेने पोचते, यावर तिच्यातील कोणता अंश कादंबरीत 'वास्तव' म्हणून स्थिर होईल, हे अवलंबून राहिले आहे.

प्रथम या भाषेची घडण पाहू. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ साली गाड्यांना नियमित बिनतारी संदेश देण्यास प्रारंभ केला, तेव्हा गाडीतील शिपाई केवळ ऐकू शकत असे. उत्तर देण्याची सोय नव्हती. दुतर्फा संभाषण १९३३ साली न्यू जर्सीतील बेयोन येथे सुरू झाले. पुढे १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्य पोलिसांचे दळणवळण-प्रमुख चार्ल्स हॉपर यांनी 'दहा'ने आरंभ होणारे संकेत रचले. त्यामागील कारण यांत्रिक होते. बोलण्याची कळ दाबल्यानंतर प्रक्षेपक पूर्ण शक्तीवर येण्यास क्षणभर लागे आणि पहिले अक्षर हवेत विरून जाई. 'दहा' हा शब्द त्या क्षणाची भरपाई म्हणून आला. तो ऐकू आला नाही तरी बिघडत नसे, कारण अर्थ पुढच्या आकड्यात असे. ज्या 'दहा-चार'मध्ये वाचकाला पोलिसी जगाच्या गूढतेचा प्रत्यय येतो, त्याचा अर्धा भाग असा मुळात अर्थशून्य होता.

शिवाय हे संकेत सार्वत्रिक नाहीत. न्यूयॉर्कमध्ये 'दहा-तेरा' म्हणजे संकटात सापडलेल्या पोलिसाला तातडीने मदत हवी. इतरत्र प्रचलित असलेल्या जुन्या यादीत त्याच आकड्याने हवामान व रस्त्याची स्थिती विचारली जाई. लॉस एंजेलिसमध्ये गुन्ह्यांसाठी राज्याच्या दंडसंहितेतील कलमांचे आकडे वापरतात : १८७ म्हणजे खून, २११ म्हणजे जबरी चोरी. 'वन ॲडम ट्वेल्व्ह' या हाकेत 'वन' हा विभाग, 'ॲडम' ही दोन शिपायांची गस्तीची गाडी आणि 'ट्वेल्व्ह' हा तिचा टापू. थोडक्यात, ही एक भाषा नसून अनेक स्थानिक बोली आहेत. संकेत चुकला तर कादंबरीचे शहरच चुकते.

मग लेखक ही बोली शिकतो कोठून? जॅक वेब यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. १९४८ सालच्या 'ही वॉक्ड बाय नाइट' या चित्रपटात काम करीत असताना तांत्रिक सल्लागार असलेल्या लॉस एंजेलिस पोलीस दलातील सार्जंटशी त्यांचा परिचय झाला. पुढे गस्तीच्या गाडीत बसून त्यांनी पोलिसांचे बोलणे टिपले. त्यातून १९४९ साली 'ड्रॅगनेट' ही नभोनाट्यमालिका जन्मली. तिची कोरडी, विशेषणरहित, आकड्यांनी भरलेली वाक्ये प्रकरणांच्या खऱ्या कागदपत्रांवर आधारलेली होती. मात्र या प्रवेशाचे मोल होते : संहिता पोलीस दलाच्या नजरेखालून जात असत. जे ऐकू आले ते खरे होते. परंतु ऐकू न येऊ देण्याचा अधिकार संस्थेने स्वतःकडे राखला होता. अस्सल तपशील आणि संस्थेची प्रतिमा यांचा असा सौदा झाला.

एड मॅकबेन यांनी १९५६ सालच्या 'कॉप हेटर'पासून निराळा मार्ग धरला. शहर काल्पनिक आणि कार्यपद्धती खरी, असे त्यांनी प्रारंभीच जाहीर केले. त्यामुळे कोणत्याही एका दलाच्या अनुमतीशी त्यांचे वास्तव बांधले गेले नाही. पण स्थानिक बोलीचा दावाही त्यांना सोडावा लागला. जोसेफ वॉम्बॉ यांच्याबाबत ही अडचणच उरली नाही. १९६० ते १९७४ या काळात ते स्वतः लॉस एंजेलिस दलात होते. 'द न्यू सेंच्युरियन्स' (१९७१) ही कादंबरी त्यांनी नोकरीत असतानाच प्रसिद्ध केली. नोकरी सोडल्यानंतरच्या 'द क्वायरबॉइज'मध्ये (१९७५) पाळी संपल्यावर उद्यानात जमणाऱ्या शिपायांच्या मद्यपानाच्या बैठकांना 'भजनी मंडळाचा सराव' असे सांकेतिक नाव आहे. हा संकेत कोणत्याही अधिकृत यादीत नाही. यंत्रावर जे बोलता येत नाही ते बोलण्याची ती जागा होय. वॉम्बॉंचे महत्त्व नेमके या दुसऱ्या भाषेच्या नोंदीत आहे.

या दुसऱ्या भाषेचा दस्तऐवजी पुरावा १९९१ साली समोर आला. रॉडनी किंग यांना झालेल्या मारहाणीनंतर नेमलेल्या, वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने पोलीस गाड्यांतील संगणकावरून परस्परांना टंकलेले संदेश तपासले. त्यांत वंशद्वेषाची आणि मारहाणीच्या बढाईची वाक्ये आढळली. हे संदेश नोंदले जात होते, तरीही ते निर्धास्तपणे लिहिले गेले होते. एकाच गाडीत, एकाच पाळीत ध्वनिक्षेपकावर निर्विकार आकडे आणि पडद्यावर हा मजकूर! दोहोंपैकी अस्सल कोणता? दोन्ही. किंबहुना, एका भाषेचा निर्विकारपणा दुसरीला झाकत होता. 'ड्रॅगनेट'च्या परंपरेने पहिलीलाच वास्तव मानण्याची सवय वाचकाला लावली होती.

आज परिस्थिती पालटली आहे. २००६ पासून संघराज्य शासनाने अनेक खात्यांनी मिळून हाताळावयाच्या आपत्तींत संकेतांऐवजी साध्या भाषेचा आग्रह धरला, कारण एका खात्याचा आकडा दुसऱ्याला कळत नसे. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून आपल्या लहरी कूटबद्ध करण्यास आरंभ केला. स्कॅनर लावून बसणाऱ्या बातमीदाराची आणि लेखकाची वाट त्यामुळे बंद होऊ लागली. म्हणजे भाषा सुबोध होत असतानाच ती ऐकण्याची मुभा आटत आहे. लेखक पुन्हा संस्थेच्या अनुमतीकडे, वेब यांच्या सौद्याकडे ढकलला जात आहे.

म्हणून पोलीस-कादंबरीतील संवाद वाचताना समीक्षकाने संकेत बरोबर आहेत की नाहीत एवढ्यावर थांबू नये. ते लेखकाला कोणी ऐकू दिले आणि त्या बदल्यात काय अनुच्चारित राहिले, हे विचारणे अगत्याचे आहे. आकडा माणसाचे नाव पुसतो. कादंबरीकाराने तो आकडा तसाच उचलला, तर ते पुसणेही त्याच्या निवेदनाचा भाग होते. अस्सलपणाची खरी कसोटी येथे लागते.