हलक्या चाकांचा मुलामा

ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर मोटार शर्यतीत उतरवण्याचे धाडस बुगाटीने १९२४ साली केले. लियाँच्या ग्रां प्री शर्यतीत आलेल्या त्यांच्या ‘टाइप ३५’ गाडीच्या चाकाला आठ रुंद, चपटे आरे होते आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला होता. त्या दिवशी टायरांनी दगा दिला, त्यांच्या रस्त्याला टेकणाऱ्या रबरी पट्ट्या सुटत गेल्या. पण हलके चाक चालते हे शर्यतीच्या जगाला दिसले.

ॲल्युमिनियमपेक्षा हलका धातू मॅग्नेशियम. पाण्याच्या पावणेदोन पट घनतेचा, ॲल्युमिनियम २.७ पट, तर पोलाद पावणेआठ पटींहून अधिक. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँड यांनी मॅग्नेशियमची शर्यतीची चाके ओतली. आज ॲल्युमिनियमच्या चाकालाही ‘मॅग’ म्हणतात, ते या धातूवरून. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात मिनी गाडीसाठी आठ आऱ्यांची ‘मिनीलाइट’ चाके आली आणि रॅलीत गाजली. मात्र मॅग्नेशियमवर चढणारा ऑक्साइडचा थर सच्छिद्र असतो. तो आतल्या धातूला राखत नाही, आणि मीठ लागले की धातू भुसभुशीत होऊ लागतो. म्हणून ही चाके क्रोमेटच्या द्रावणात बुडवून वर रंग देत. शर्यतीच्या संघाला ते परवडे, कारण तिथे चाक वरचेवर उतरवून तपासले जाई. रस्त्यावरच्या मालकाचे तसे नव्हते. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. खड्याने रंगाचा एक टवका उडाला की तेवढ्या भोकातून मिठाचे काम सुरू होई.

यावरचे सर्वांत देखणे उत्तर १९६६ साली जर्मनीतून आले. पोर्शे ९११ एससाठी ओटो फुक्स कंपनीने ॲल्युमिनियमचे पाच पाकळ्यांचे चाक बनवले, ओतून नव्हे तर दाबाखाली घडवून. घडाईत धातूचे कण दाबले जातात आणि ओतकामात राहणारी हवेची बारीक छिद्रे उरत नाहीत, त्यामुळे कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. त्याच्या पृष्ठावर ॲनोडायझिंग केलेले होते. हा थर वरून चढवलेला नसतो. विजेच्या साहाय्याने धातूतूनच उगवतो, म्हणून रंगासारखा पापुद्रा होऊन सुटत नाही. त्याचा शत्रू वेगळा: तीव्र आम्ल किंवा अल्कली असलेले धुण्याचे द्रावण. अशा द्रावणाने एकदा डागाळलेली पाकळी पॉलिशने पूर्ववत होत नाही.

ब्लॅक फॉरेस्टमधील शिल्टाख गावात १९७० साली बीबीएस ही चाकांची कंपनी सुरू झाली. मधली जाळी आणि रिमचे दोन भाग बोल्टने जोडलेले तीन तुकड्यांचे चाक ही तिची ओळख. एखादा भाग वाकला तर तेवढाच बदलता येई. पण जोड म्हटला की तिथे पाणी आणि मीठ साचणार, आणि पोलादी बोल्ट व ॲल्युमिनियम यांच्या ओल्या संगतीत ॲल्युमिनियम झिजते. जपानमध्ये पुढे ताकदीला रीतसर कसोटी लागली. ‘जेडब्ल्यूएल’ खुणेच्या चाकाला वाकवत फिरवण्याची, भाराखाली धावण्याची आणि १३ अंश तिरके ठेवून वरून वजन आदळण्याची परीक्षा द्यावी लागते. रेज कंपनीच्या १९९६ च्या ‘टीई ३७’चे नावच १५ इंची चाकाच्या ३.७ किलो वजनावरून पडले. पण ‘जेडब्ल्यूएल’ची खूण ताकदीबद्दल बोलते. रंग किती वर्षे टिकेल याची हमी ती देत नाही.

ती उणीव सर्वांत जास्त भोवली ‘डायमंड कट’ चाकांना. रंगवलेल्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर तासून चकचकीत करतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारतात. लॅकर एका जागी फुटले की ओल आत शिरते आणि वाळवीच्या वाटांसारख्या बारीक पांढऱ्या नागमोडी रेषा लॅकरखालून सरकू लागतात. खूण म्हणून पाहावे तर आऱ्याची तासलेली कड: तिथे लॅकर पातळ बसते आणि पहिली रेषा बहुधा तिथूनच निघते. दुरुस्तीसाठी पुन्हा तासावे लागते, दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून ते मोजक्याच वेळा जमते. दुसरा मार्ग म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून चढवण्याचे पावडर कोटिंग, पण ती भट्टी साधारण २०० अंश सेल्सियसची असते. ओतीव चाकाला कारखान्यात उष्णतेने आणलेला कठीणपणा तिथे वारंवार किंवा जास्त वेळ ठेवल्याने उतरतो. चाक नवे दिसते, ताकद मात्र कमी झालेली असते.

भारतातही मिश्रधातूच्या म्हणजे ‘अलॉय’ चाकांसाठी मानक आहे. इथल्या चाकाला मार बसतो तो खड्ड्यांचा, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत मीठ रस्त्यावर पसरावे लागत नाही. बाहेरून चाक विकत घेताना त्याच्यावर ओतलेली किंवा कोरलेली मानकाची खूण आणि भारक्षमतेचा आकडा आधी वाचावा. चकाकी त्यानंतर पाहावी.