मराठी फायलींचे एन्कोडिंग रूपांतर

मराठी फायलींचे एन्कोडिंग रूपांतर म्हणजे जुन्या संकेतपद्धतींत साठवलेला मराठी मजकूर स्क्रिप्टच्या साहाय्याने, एकाच वेळी अनेक फायलींत, युनिकोडमध्ये आणण्याची प्रक्रिया होय. साध्या मजकूर फाइलमध्ये केवळ बाइट असतात. ते कोणत्या पद्धतीनुसार वाचावेत याची नोंद बहुधा नसते. त्यामुळे चुकीच्या गृहीतकावर चाललेली स्क्रिप्ट शेकडो फायली एकदम बिघडवू शकते.

पार्श्वभूमी

भारतीय मानक ब्यूरोचे इस्की मानक (आयएस १३१९४) आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ मधील आहेत. तरीही मराठी अक्षरजुळणीत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी इत्यादी फॉन्ट दीर्घकाळ वापरात राहिले. या फॉन्टमध्ये लॅटिन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी असा मजकूर लॅटिनच असतो आणि फॉन्ट बदलताच तो निरर्थक दिसतो.

अक्षरक्रम

इस्की व युनिकोडमध्ये अक्षरे उच्चारक्रमाने साठवली जातात. जुन्या फॉन्टमध्ये ती दृश्यक्रमाने येतात. अकोला जिल्ह्यातील ‘मूर्तिजापूर’ या नावात युनिकोडनुसार प्रथम ‘र्’, मग ‘त’ आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटी येते. फॉन्टच्या फाइलमध्ये मात्र वेलांटी आधी, नंतर ‘त’ आणि त्यानंतर रफार असतो. ‘अकोला’ किंवा ‘जुने शहर’ या शब्दांत असा क्रमबदल नसल्याने क्रम न हलवता केवळ चिन्हांच्या जागी चिन्हे बदलणारी स्क्रिप्टही ते अचूक रूपांतरित करू शकते. ‘मूर्तिजापूर’ आणि ‘मोर्णा’ मात्र बिघडतात. म्हणून चाचणीच्या नमुन्यात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे असलेले शब्द असणे आवश्यक ठरते.

सुरक्षित कार्यपद्धती

१. मूळ फायलींची प्रत वेगळी ठेवून रूपांतरित मजकूर नव्या फोल्डरमध्ये लिहिला जातो. आयकॉन्व्हसारख्या आज्ञेचे फलित त्याच फाइलकडे वळवल्यास वाचन होण्यापूर्वीच ती रिकामी होऊ शकते.

२. प्रत्येक फाइलचे एन्कोडिंग स्वतंत्रपणे ठरवले जाते. आधीच यूटीएफ-८ मध्ये असलेली फाइल पुन्हा रूपांतरित केल्यास प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट तीन वेगळी चिन्हे ठरतात.

३. अवैध बाइट आढळताच स्क्रिप्ट थांबवली जाते. त्रुटी दुर्लक्षित केल्यास अक्षरे कायमची गळतात.

४. इंग्रजी मजकूर आधी वेगळा केला जातो. अन्यथा त्याचेही देवनागरीत निरर्थक रूपांतर होते.

मर्यादा

त्रुटीविना पूर्ण झालेले रूपांतर अचूक असतेच असे नाही. लॅटिन-१ पद्धतीत प्रत्येक बाइट वैध असल्याने चुकीचे वाचनही यशस्वी ठरते. शिवाय, युनिकोडमध्येही एकाच दृश्यरूपाचे पर्याय आढळतात: ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये समाविष्ट झाले, त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’ला चंद्रचिन्ह जोडलेले असते. प्रमाणीकरणाने हा भेद मिटत नाही. त्यामुळे नावांच्या याद्यांमध्ये नाव दिसत असूनही शोधात सापडत नाही. अशा याद्यांची अंतिम तपासणी मराठी वाचणाऱ्या व्यक्तीने मूळ छापील प्रतीशी ताडून करणे आवश्यक असते.