कळ्यांचे निःश्वास कोण ऐकणार?

व्हिएन्नाचे वैद्य-लेखक आर्थर श्निट्झलर यांची ‘फ्रॉयलाइन एल्झे’ ही दीर्घकथा १९२४ सालची. वडिलांच्या कर्जापायी एका धनिकाच्या वासनेपुढे उभी केलेली तरुणी मनातल्या मनात जे बोलते, तीच ही कथा. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी पेटविलेल्या पुस्तकांच्या होळीत श्निट्झलर व फ्रॉईड यांचे ग्रंथही होते.

त्याच वर्षी मराठीत ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, पण अविवाहित राहिलेल्या मुलींची दडपलेली ओढ त्यात एका स्त्रीने निःसंकोचपणे मांडली. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातील एका कथेचे नावच पुरेसे बोलके आहे. समाज खवळला. कळ्यांचे दुःख जाणण्याऐवजी लेखिकेचाच शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर.

ख्रिस्ती वाचकाने अशा साहित्याला भ्यावे काय? संत ऑगस्टीन यांनी वासनेशी झालेला आपला झगडा सोळाशे वर्षांपूर्वीच प्रांजळपणे लिहून ठेवला. इच्छा बोलून दाखविणे म्हणजे तिचे समर्थन नव्हे. पापनिवेदनाचा आरंभही उच्चारानेच होतो, आणि तेथे ऐकणाऱ्याने आधी ऐकायचे असते. आपल्याच घरातील लेकीचा निःश्वास आपल्या कानी पडतो काय?