मरोशी रोडवरचं बुडीत कर्ज

डिसेंबर 2005. मुंबईत मरोळ नाक्यावर तुम्ही रिक्षातून उतरता. डोक्यावर मेट्रो नाही, ती यायला साडेआठ वर्षं आहेत. मिठी नदीच्या पुराला पाच महिनेच झालेत. मरोशी रोडला महापालिकेच्या सुमारे 17 एकर जमिनीवर 1,500 खाटांचं रुग्णालय उभारण्याचा करार सेव्हन हिल्स या रुग्णालय कंपनीशी होतो. त्यातली एक अट अशी, की 20 टक्के खाटा पालिकेने पाठवलेल्या रुग्णांसाठी. जमीन मात्र पालिकेचीच राहते.

आता मार्च 2018. इमारत उभी आहे, कर्ज थकलंय आणि प्रकरण हैदराबादच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणात पोचलंय. इथे तुम्ही खरेदीदाराच्या खुर्चीत बसा. बुडीत कर्जात पैसा घालणारा माणूस दया दाखवायला येत नाही. बँकांना किती हेअरकट (कर्जावर सोडायचं पाणी) सोसेल, खाटा किती दिवसांत भरतील, यंत्रं चालू करायला काय लागेल, हे तो मांडतो. असा माणूस नसता तर कितीतरी इमारती कुलपातच राहिल्या असत्या. त्याचं हे काम मला मोलाचं वाटतं. पण ती 20 टक्क्यांची ओळ त्याच्या कागदावर खर्चाच्या रकान्यात पडते.

सेव्हन हिल्ससाठी पुढे आलेली योजना बी. आर. शेट्टींच्या गटाची. मूळचे उडुपीकडचे शेट्टी 1973 मध्ये अबूधाबीला गेले, 1975 मध्ये त्यांनी एनएमसी ही आरोग्यसेवा संस्था सुरू केली. मे 2018 मध्ये निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याच्या 'गिव्हिंग प्लेज'वर त्यांनी सही केली. ती मोठीच गोष्ट. तरी मरोळच्या गरिबाची खाट कोणाच्या दानावर सोडता येत नाही. ती कराराने ठरलेली आहे, आणि जमीनही सार्वजनिक.

15 नोव्हेंबर 2019. तुम्ही सर्वोच्च न्यायालयात मागच्या बाकावर आहात. पालिकेच्या अपिलावर न्या. रवींद्र भट यांनी लिहिलेला निकाल शेट्टी गटाची योजना रद्द करतो. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार पालिकेच्या मालमत्तेचा व्यवहार तिच्या मंजुरीविना होणार नाही. दिवाळखोरी संहिता तो अधिकार पुसू शकत नाही.

एप्रिल 2020. मरोशी रोडवर रुग्णवाहिकांची रांग. पालिका हीच इमारत करोनाग्रस्तांसाठी चालवते आहे. पीपीई घातलेली परिचारिका तुमच्यासमोरून धावते, 20 टक्क्यांतला कोण हे कुणी विचारत नाही. त्याच महिन्यात लंडनमध्ये एनएमसी हेल्थ, दडलेलं अब्जावधी डॉलरचं कर्ज उघड झाल्यावर, प्रशासकांच्या ताब्यात जाते. आधीच्या नोव्हेंबरात शेट्टी गटाची ती योजना टिकली असती, तर या वॉर्डाला आज रखडलेल्या पैशाची वाट पाहावी लागली असती.