आजोबांच्या वहीतले चार दिवस

दिवाळीच्या आधी खडकवासल्याच्या घराचा माळा आवरायला घेतला. भावंडांनी फोनवर हुकूम सोडलाच होता, "तुला हवं ते ठेव, बाकी रद्दीत दे." रद्दीत द्यायचं म्हणून ओढलेल्या ट्रंकेत आजोबांची नेमाची वही निघाली आणि आवरणं तिथेच थांबलं. माझं नेहमीचंच!

वही साधी, लांबट, जमाखर्चाची. रकाने मात्र रुपये-आण्यांचे नाहीत. तारीख, संध्या, नमस्कार, समास, जप. प्रत्येक रकान्यात बारीक टिकली. आजोबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, तेव्हा नोंद ठेवण्याची सवय हाडात मुरलेली. पानंच्या पानं टिकल्या. आणि मग जुलै १९६१ चं पान. १२ ते १५ तारखेपर्यंत टिकल्या नाहीत. चारही ओळींवर आडवा एकच शब्द लिहिला आहे: "पाणी".

पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ वेगळी सांगावी लागत नाही. पहाटे-सकाळी पानशेत फुटलं, ते सगळं पाणी खडकवासल्याच्या तलावात आलं आणि १८७० च्या दशकात बांधलेलं आमचं जुनं धरणही दुपारी फुटलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमचं घर चढावर, त्यामुळे वाचलं. पण आजोबा खात्याच्या कामावर गेले ते चार दिवस घरी आले नाहीत. आजी मुलांना आणि शेजारणींना घेऊन टेकडीवर गेली. पोथी देव्हाऱ्यात राहिली.

ही गोष्ट घरात शंभरदा सांगितली गेली आहे. पण मी लहानपणी ऐकायची ती पुराची नव्हे, पुरानंतरच्या वादाची. आजोबांचा नेम मोडला, त्याचं काय करायचं, हा तो वाद.

आमच्या घरातल्या गुरूंबद्दल आधी सांगायला हवं, कारण घर एक आणि संप्रदाय पाच अशी अवस्था होती. दर गुरुवारी आरती झाली की ओट्यावर बैठक बसे. समोर सिंहगड, पलीकडे तलाव, हातात चहा. विषय कुठूनही सुरू झाला तरी शेवटी "आमचे महाराज काय म्हणतात" यावर यायचा.

आजोबा रामदासी वळणाचे. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येकी दहा समास, म्हणजे दोनशे. रोज एक समास वाचायचा, दोनशे दिवसांत पारायण पुरं, की पुन्हा पहिल्यापासून. अकराव्या दशकात समर्थांनी माणसाची दिनचर्याच सांगितली आहे. लवकर उठावं, काही पाठ म्हणावं, देवाला आठवावं, स्नान-संध्या-पूजा करावी, मग आपला उद्योग सावधपणे करावा. आजोबांना त्यातला 'सावधपणे' फार प्रिय. परमार्थ आणि कचेरी यांत त्यांनी कधी भिंत घातली नाही.

आत्याचे यजमान विजापूरकडचे, इंचगिरी परंपरेतले. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांची (१८४३-१९१४) ही परंपरा. तिथे भर ध्यानाच्या नेमावर. ठरलेल्या वेळी आसनावर बसायचं आणि नाम घ्यायचं, मन लागो न लागो. याच परंपरेतले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६-१९५७) फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवत, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३३ साली त्यांचा महाराष्ट्रातल्या संतांवरचा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वरांचा मार्ग बुद्धीचा, नामदेवांचा सर्वांना सामावणारा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा अगदी स्वतःच्या जिवाचा आणि रामदासांचा कर्माचा, अशी त्यांनी मांडणी केली. आमच्या ओट्यावर जे चहाबरोबर चालायचं तेच त्यांनी आयुष्यभराच्या अभ्यासानं केलं, म्हणा ना! आणि हे सगळं करताना स्वतःचा ध्यानाचा नेम सांभाळला.

शेजारचे भाऊ टेंबे स्वामींचे भक्त. वासुदेवानंद सरस्वती (१८५४-१९१४) म्हणजे आचारधर्माचं मूर्तिमंत रूप. संन्याशाचे नियम अक्षरशः पाळून त्यांनी देशभर पायी प्रवास केला. भाऊंचं म्हणणं, शास्त्रानं सांगितलं ते सांगितलं तसंच करावं, आपली अक्कल मध्ये घालू नये.

धाकटी काकू गोंदवल्याची. तिच्या उशाशी प्रवचनांचं पुस्तक, वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक प्रवचन असलेलं. ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) एकच गोष्ट आयुष्यभर सांगितली, नाम घ्या. त्याला वेळ नको, सोवळं नको, आसन नको. गंमत म्हणजे त्यांचा त्रयोदशाक्षरी राममंत्र तोच, जो समर्थांनी टाकळीला नदीत उभं राहून बारा वर्षं जपला असं सांगतात. मंत्र तोच, पण एकीकडे कडक तपश्चर्या आणि दुसरीकडे भाकरी थापताना घेतलेलं नाम. यावरून आजोबा आणि काकू यांची किती जुंपायची!

आणि आजी. माहेर आळंदीजवळचं, गळ्यात तुळशीची माळ. एकादशी, संध्याकाळी हरिपाठ, जमेल तेव्हा पंढरी. ती वादात फारशी पडत नसे. दिवा लावायची, हरिपाठ म्हणायची आणि भाकऱ्यांना लागायची.

तर मुद्दा मोडलेल्या नेमाचा. पूर ओसरल्यावरच्या पहिल्या बैठकीत आजोबांनी विचारलं म्हणे, "आता काय?" भाऊ म्हणाले, प्रायश्चित्त घ्यावं आणि पारायण पहिल्या समासापासून सुरू करावं. काका म्हणाले, राहिलेली बैठक भरून काढावी, रोज थोडा वेळ जास्त बसावं. काकू म्हणाली, "मामंजी, पुरात नाम घेतलंत ना? मग मोडलं काय?" आजोबा म्हणाले, "नाही घेतलं. आठवलंच नाही. चार दिवस फक्त पाणी दिसत होतं."

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पण ते चार दिवस त्यांना आयुष्यभर सलत राहिले. मी शाळेत असताना कोणी पानशेतचं नाव काढलं की ते बुडालेल्या पेठांबद्दल बोलायचे आणि मग गप्प व्हायचे. आजी हळूच म्हणायची, "अहो, सोडा आता ते."

आता वही हातात घेऊन बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वर्षांत कधीच आली नव्हती. प्रत्येकाच्या नेमाला काय काय लागतं? आजोबांना पोथी लागते, आणि संध्येला स्वच्छ पाणी. धरण रिकामं झाल्यावर सगळ्या पुण्यालाच पाण्याची भ्रांत पडली होती, तिथे आचमनाला कुठून आणणार! काकांना ठरलेली वेळ आणि शांत जागा. भाऊंना सोवळं. काकूला काही नको. आणि आजीला? हरिपाठ तोंडपाठ. तिला फक्त म्हणणाऱ्या चार बायका हव्यात. त्या टेकडीवर होत्याच. आषाढी दहा-बारा दिवसांवर आलेली, पाऊस कोसळतोय, खाली धरण फुटतंय आणि टेकडीवर बायका हरिपाठ म्हणताहेत. घरातला एकच नेम त्या दिवशी मोडला नाही, तो आजीचा. त्याची नोंद कुठल्याही वहीत नाही.

आणि मग मनात आलं, नेम मोडण्याचं आजीला काय अप्रूप असणार? आजोबांचे आयुष्यात चार दिवस गेले आणि ते त्यांना शेवटपर्यंत टोचले. आजीला दर महिन्याला चार दिवस बाजूला बसावं लागे. देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही, पोथीला शिवायचं नाही. गुरुचरित्राची पोथी तर बायकांनी वाचूच नये, हा दंडक आमच्याकडे होता आणि पुष्कळ घरांत आजही आहे. अखंड नेम, वर्षभर न मोडलेल्या टिकल्या, ही चैन मुळात पुरुषांना परवडणारी होती! टिकल्यांची वही आजीला देऊन ती भरली नसती, यात तिची चूक काय?

म्हणूनच नामाचा मार्ग बायकांनी इतका जवळ केला असावा. जनाबाई दळण-कांडण करता करता विठ्ठलाशी बोलते. चोखोबांची पत्नी सोयराबाई तर थेट विचारते, की विटाळ देहातच आहे, त्याच्याच पोटी देह जन्मतो, मग शुद्ध कोण? तिच्या वाट्याला विटाळ महिन्याचे चार दिवस नव्हता, जातीमुळे जन्मभराचा होता. तिचा प्रश्न सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. आमच्या ओट्यावर तो कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी आज लिहिते आहे त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. माझा रोजचा अकरा माळांचा जप होता, लग्नाआधीपासूनचा. पहिल्या महिन्यात अकराच्या पाच झाल्या, मग एक, मग बंद. आईला कुशीवर वळवणं, औषधं, रात्रीचं जागरण. ती गेल्या मार्गशीर्षात गेली. त्यानंतर वेळ होता, पण माळ हातात घ्यायची हिंमत होईना. कुणी ओळखीचे म्हणाले, "इतका जुना नेम मोडलास, आता गुरुमुखातून पुन्हा घ्यायला हवा." मला ते शब्द लागले. मी आजोबांचीच नात, टिकल्यांचा हिशेब माझ्याही डोक्यात होता.

काकूचं बरोबर आणि काकांचं चूक, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ज्याला वेळ नको, जागा नको, असा नेम सुटतोही तितक्याच सहज. केव्हाही घेता येतं म्हणून आत्ता घेतलं नाही तरी चालतं, हे मी दोन वर्षं अनुभवलं आहे. रानड्यांसारखा माणूस बैठकीची वेळ सोडत नाही, त्यामागे मनाची ही चाल पुरती ओळखलेली असते. घड्याळ हवंच. पण घड्याळ बंद पडेल तेव्हा काय करायचं, हेही आधीच ठाऊक असायला हवं. धर्मशास्त्रालाही ते ठाऊक आहे. सुतकात संध्या मनातल्या मनात करायची मुभा त्यातच दिली आहे.

या सगळ्यात मला पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३-१९७४) आठवतात. १९३४ साली मोठ्या आजारातून उठल्यावर चाळीस वर्षं ते पावसला देसायांच्या घरातल्या एका खोलीत राहिले. देह अशक्त, फिरणं नाही. त्यांची सोऽहं साधना श्वासाबरोबर चालणारी. आईच्या शेवटच्या महिन्यांत मी रात्र रात्र तिचा श्वास ऐकत बसायची. आत गेला, बाहेर आला. पुढचा येतोय ना, एवढंच लक्ष. तो जप होता असं मी म्हणणार नाही, उगाच मोठेपणा नको. पण मन त्या चार-पाच तासांत दुसरीकडे कुठे गेलं नाही, एवढं खरं. अकरा माळा ओढताना ते कितीदा बाजारात जाऊन यायचं!

आजोबांनी त्या चार ओळींवर खोट्या टिकल्या केल्या नाहीत. त्या कोरीही सोडल्या नाहीत. जे समोर होतं ते लिहिलं. माझ्या मते तो त्यांच्या वहीतला सगळ्यात प्रामाणिक नेम आहे, आणि तो मोडला असं मला आता वाटत नाही. त्यांना हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

असो. वही रद्दीत गेलेली नाही, भावंडांनी नोंद घ्यावी. तिच्या शेवटी काही कोरी पानं आहेत. परवापासून मी त्यात लिहायला लागले आहे. सकाळी सहाला एक माळ, संध्याकाळी दिव्यापाशी आजीचा हरिपाठ, अजून पुस्तकात बघूनच. पण सुरुवात करण्याआधी मागची दोन वर्षं तशीच सोडवेनात. म्हणून पहिल्या ओळीवर आडवा एक शब्द लिहिला: "आई".