परिवहन समितीतली रिकामी खुर्ची

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. दोन्हीकडे प्रशासक आले. चर्चा झाली ती माजी नगरसेवकांची; परिवहन समितीचा विषय मागेच राहिला.

ठाणे परिवहन सेवा 1989 मध्ये सुरू झाली, केडीएमटी 1999 मध्ये. दोन्हींचा आधार 1949 चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्याच्या कलम 25 नुसार महापालिका परिवहन समितीवर बारा सदस्य नेमते. स्थायी समितीचे सभापती पदसिद्ध असतात. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, व्यापार, अर्थ वा कामगार प्रश्नांचा अनुभव हा निकष. सदस्य नगरसेवकच हवा, अशी अट नाही. गाडीखाना जाणणाऱ्याला निवडणूक न लढवता आत येता यावे, हा त्यातला शहाणपणा. प्रत्यक्षात जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या गेल्या आणि अनुभवाचा निकष बराचसा कागदावर राहिला.

सॅन डिएगोच्या परिवहन मंडळात सदस्यासोबत त्याचा पर्यायी सदस्यही नेमतात. मूळ सदस्य नसेल तेव्हा तो बसतो. आपल्या कायद्यात ही सोय नाही. त्याऐवजी दर दोन वर्षांनी निम्मे सदस्य निवृत्त होतात. सहा जातात, सहा राहतात. कोणता मार्ग का बंद पडला, कोणते कंत्राट का अडले, हे नव्यांना सांगणारे कुणी तरी खोलीत असावे, एवढाच हेतू. माझ्या मते आपल्याकडचे खरे पर्यायी सदस्य म्हणजे मागे राहणारे हे सहाजण.

पण नवे सहा नेमायचे कोणी? महापालिकेच्या सभेने. सभाच नसली की तिचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे जातात आणि ही साखळी तुटते. पुण्यात 2007 मध्ये पीएमटी व पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिथे महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष पदामुळे संचालक होतात. पदेच रिकामी झाली, की संचालकही नाहीत. समिती असो वा कंपनी, दोन्हींचा खुंटा निवडणुकीलाच बांधलेला.

ठाणे, कल्याण आणि आसपासच्या शहरांसाठी एकच परिवहन यंत्रणा असावी, ही मागणी जुनी आहे. ती करताना बस किती, हे आपण विचारतो. सदस्य गेल्यावर जागा किती दिवसांत, कोणी भरायची, हेही त्या कायद्यात लिहून घ्यायला हवे. डोंबिवली स्थानकाबाहेर रांगेत उभ्या प्रवाशाला समितीतली खुर्ची दिसत नाही. तिच्या रिकामेपणाची झळ मात्र त्यालाच बसते.